पाणी तपासणीच्या अहवालात क्लोरोफॉर्म आढळले आहे: क्लोरीन बंद करावे, गाळणयंत्र बसवावे की दुर्लक्ष करावे?

शंकेखोर (प्रश्नकर्ता)

नमस्कार. आमच्या इमारतीला शहराच्या जलशुद्धीकरण केंद्राचे पाणी येते. ते आधी जमिनीखालच्या टाकीत पडते, तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढते आणि मग घरोघरी उतरते. काही रहिवाशांच्या आग्रहावरून आम्ही स्वयंपाकघरातल्या एका नळाचे पाणी खासगी प्रयोगशाळेत तपासून घेतले. जंतूंच्या चाचण्या निर्दोष आल्या असून शिल्लक मुक्त क्लोरीन लिटरमागे ०.६ मिलिग्रॅम आहे. मात्र ‘ट्रायहॅलोमिथेन’ या शीर्षकाखाली पुढील आकडे आहेत, सर्व मायक्रोग्रॅम प्रति लिटर या एककात: क्लोरोफॉर्म ६२, ब्रोमोडायक्लोरोमिथेन २१, डायब्रोमोक्लोरोमिथेन ७, ब्रोमोफॉर्म आढळले नाही, एकूण ९०. शेवटच्या रकान्यात ‘समाधानकारक’ एवढाच शेरा आहे.

क्लोरोफॉर्म हे भूल देण्याचे जुने औषध म्हणून ठाऊक असल्यामुळे ते पिण्याच्या पाण्यात वाचून अनेक जण हादरले. एका सदस्यांचे म्हणणे असे की ९० हा आकडा अमेरिकेच्या मर्यादेपेक्षा अधिक आहे. दुसऱ्यांच्या मते तो जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेत बसतो. हे दोघेही बरोबर कसे असू शकतील? पाण्यात क्लोरोफॉर्म कोणी टाकत नसेल, तर ते येते कुठून? उकळल्याने ते जाते का? आणि क्लोरीनऐवजी ओझोन किंवा अतिनील किरण वापरले, तर हा प्रश्न मुळातूनच सुटेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे, कारण पुढच्या बैठकीत मला हे सर्वांना समजावून सांगायचे आहे.

---

गाळणटाकी

मी बरीच वर्षे जलशुद्धीकरण केंद्राच्या कामात आहे, त्यामुळे ‘येते कुठून’ या प्रश्नापासून सुरुवात करतो.

क्लोरीन पाण्यात विरघळले की हायपोक्लोरस आम्ल तयार होते आणि जंतूंना मारण्याचे खरे काम तेच करते. सामू (पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा, म्हणजेच पीएच) ७.५ च्या आसपास असताना त्यातले साधारण निम्मे हायपोक्लोराइट आयनाच्या रूपात असते. सामू आणखी वाढला की हे दुसरे रूप वाढत जाते, आणि ते जंतुनाशक म्हणून फारच दुबळे आहे. आता हे आम्ल जंतू ओळखून त्यांच्यावरच धावून जाते असे नाही. ज्याचे ऑक्सिडीकरण करता येईल त्या प्रत्येक गोष्टीशी त्याची अभिक्रिया होते. नदी-तलावाच्या पाण्यात पालापाचोळा, माती आणि शेवाळ कुजून आलेली ह्युमिक व फुल्विक आम्ले विरघळलेली असतात. पाण्याला कधी कधी जी फिकट पिवळसर झाक दिसते ती यांचीच. या मोठ्या, वेड्यावाकड्या रेणूंमधल्या विशिष्ट वलयांवर क्लोरीनचे अणू एकामागून एक बसतात, वलय फुटते आणि शेवटी तीन क्लोरीनअणू बसलेला कार्बनचा छोटा तुकडा सुटा होतो. तेच क्लोरोफॉर्म. म्हणजे ते कोणी टाकलेले नाही, आणि ते शुद्धीकरणातल्या हलगर्जीपणाचेच लक्षण आहे असेही नाही. क्लोरीन आणि सेंद्रिय पदार्थ एकत्र आले की ते कमी-अधिक प्रमाणात होणारच.

हे उघडकीला आले १९७४ मध्ये. रॉटरडॅमच्या पाणीपुरवठा विभागातले रसायनतज्ज्ञ योहानेस रूक यांनी बंद कुपीतल्या पाण्यावरची हवा तपासून दाखवून दिले की क्लोरीन देण्यापूर्वीच्या पाण्यात नसलेले हे पदार्थ क्लोरीन दिल्यानंतर दिसतात. त्याच वर्षी अमेरिकेतल्या सरकारी शास्त्रज्ञांनाही स्वतंत्रपणे हेच आढळले. पिण्याच्या पाण्याला नियमितपणे क्लोरीन देण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. म्हणजे सुमारे सत्तर वर्षे जग हे पाणी पीत होते आणि त्यात आणखी काय आहे हे मोजण्याचे साधनच हाताशी नव्हते.

आपल्या अहवालात ब्रोमीनची दोन संयुगे आहेत, त्यांचेही मूळ असेच आहे. मूळ पाण्यात थोडे ब्रोमाइड, म्हणजे क्षाररूपातले ब्रोमीन, असते. क्लोरीन त्याचे हायपोब्रोमस आम्ल करते आणि हे आम्ल सेंद्रिय रेणूंवर क्लोरीनपेक्षाही जलद बसते. ब्रोमीनचा अणू क्लोरीनच्या दुपटीहून जड असल्याने रेणूंची संख्या तेवढीच राहूनही वजनात मोजलेला एकूण आकडा फुगतो. समुद्राजवळच्या, खारे पाणी शिरणाऱ्या स्रोतांवर काम करणाऱ्यांना ही डोकेदुखी चांगलीच परिचित आहे.

किती तयार होणार हे सेंद्रिय पदार्थ, क्लोरीनची मात्रा, तापमान, सामू आणि वेळ यांवर ठरते. यांतला वेळ लोक विसरतात. क्लोरीन जंतूंना काही मिनिटांत मारते, पण ट्रायहॅलोमिथेन तयार होण्याचे काम मुक्त क्लोरीन शिल्लक असेपर्यंत तासन्‌तास, प्रसंगी काही दिवस सुरूच राहते. म्हणून केंद्रातून निघताना आकडा कमी असतो आणि वाहिनीच्या शेवटच्या टोकाला अधिक.

केंद्रात यावर काय करता येते? क्लोरीन कमी करणे ही पायरी सर्वांत शेवटची आहे. पहिली पायरी म्हणजे क्लोरीनच्या आधी सेंद्रिय पदार्थ काढणे. पाणी दिसायला स्वच्छ असणे आणि त्यातले सेंद्रिय पदार्थ गेलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रयोगशाळेत सहा चंचुपात्रांत तुरटीची वाढती मात्रा घालून पाणी ढवळले, तर तिसऱ्या पात्रातच गढूळपणा बसतो आणि पाणी आरशासारखे दिसू लागते. पण अतिनील प्रकाशात २५४ नॅनोमीटरवर त्याचे शोषण मोजले तर विरघळलेले सेंद्रिय पदार्थ अजून बरेच शिल्लक असल्याचे कळते आणि ते पाचव्या पात्रात, सामू सहा-साडेसहापर्यंत उतरल्यावर लक्षणीय घटतात. गढूळपणाच्याच आकड्यावर समाधान मानणारे केंद्र तिसऱ्या पात्रावर थांबते. तुरटी वाढवली की गाळही वाढतो आणि नंतर सामू पुन्हा वर आणण्यासाठी चुना लागतो, म्हणून हा निर्णय कोणी आनंदाने घेत नाही.

दुसरा मोठा फरक पडतो तो क्लोरीन कुठे दिले जाते यामुळे. अनेक ठिकाणी कच्चे पाणी आत येतानाच क्लोरीनचा पहिला डोस देतात. त्याला सबळ कारण आहे: तो बंद केला की निवळण टाक्यांच्या भिंतींवर शेवाळ चढते, गाळणथर लवकर चोंदतात आणि साफसफाईचे काम वाढते. पण सेंद्रिय पदार्थ सर्वाधिक असतात त्याच जागी क्लोरीन ओतणे म्हणजे उपपदार्थांना आमंत्रण. हा डोस गाळणीनंतर हलवला, तर निर्जंतुकीकरणाला धक्का न लावता एकूण आकडा बराच खाली येतो, अट इतकीच की गाळणीनंतर पुरेसा संपर्ककाळ मिळाला पाहिजे. सामू ८ पेक्षा कमी असताना निदान अर्धा तास संपर्क आणि त्यानंतरही लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तिला बगल देऊन उपपदार्थ कमी केल्याचा दावा कोणी करू नये.

आता माझा आपल्याला एक प्रश्न. वाहिन्यांतून फिरून, दोन टाक्यांत मुरून आलेल्या पाण्यात स्वयंपाकघरातल्या नळाला ०.६ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहणे मला जरा जास्त वाटते. टाकीत कोणी वेगळे क्लोरीन टाकते का?

---

वर्णलेख

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो. ‘दोघेही बरोबर कसे’ या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण इथे बरेच घोळ होतात.

जागतिक आरोग्य संघटना चारही संयुगांसाठी वेगवेगळी मार्गदर्शक मूल्ये देते: क्लोरोफॉर्म ३००, ब्रोमोफॉर्म १००, डायब्रोमोक्लोरोमिथेन १०० आणि ब्रोमोडायक्लोरोमिथेन ६० मायक्रोग्रॅम प्रति लिटर. शिवाय प्रत्येक संयुगाचे त्याच्या मूल्याशी गुणोत्तर काढून त्या गुणोत्तरांची बेरीज एकपेक्षा जास्त होऊ नये, अशी शिफारस आहे. आपल्या पाण्यासाठी ६२ भागिले ३०० म्हणजे ०.२१, २१ भागिले ६० म्हणजे ०.३५ आणि ७ भागिले १०० म्हणजे ०.०७, बेरीज ०.६३. पाणी मर्यादेत आहे. मात्र इथे एक गोष्ट नजरेत भरते: ज्या क्लोरोफॉर्मच्या नावाने सर्व घाबरले त्याच्यापेक्षा, वजनाने जेमतेम तिसरा हिस्सा असलेले ब्रोमोडायक्लोरोमिथेन या बेरजेत अधिक भर घालते.

युरोपीय संघ चौघांची नुसती बेरीज पाहतो आणि मर्यादा १०० ठेवतो. तिथेही ९० चालते. अमेरिकेने १९७९ मध्ये मर्यादा १०० ठेवली होती, ती १९९८ च्या नियमांनी ८० वर आणली आणि त्यासोबत पाच हॅलोअ‍ॅसेटिक आम्लांच्या (हे क्लोरीनचेच दुसऱ्या प्रकारचे उपपदार्थ) बेरजेवर ६० ची वेगळी मर्यादा घातली. त्या हिशेबाने ९० जास्त आहे. परंतु ती मर्यादा एका नमुन्याला लागू होत नाही. त्या-त्या ठिकाणच्या वर्षभरातल्या नमुन्यांची सरासरी ८० च्या आत असावी लागते. उन्हाळ्यात ९० आणि थंडीत ५० असलेले ठिकाण तिथे उत्तीर्ण होऊ शकते. तेव्हा एका बाटलीवरून ‘अमेरिकेत हे पाणी नापास’ म्हणणे जसे घाईचे आहे, तसेच ‘समाधानकारक’ हा शेराही.

नमुना कसा घेतला हे आपण लिहिलेले नाही आणि मला त्याची सर्वांत जास्त चिंता वाटते. या तपासणीसाठी सुमारे ४० मिलिलिटरची काचेची कुपी काठोकाठ भरावी लागते. झाकण लावून उलटी केल्यावर आत हवेचा एकही बुडबुडा दिसता कामा नये, कारण ही संयुगे उडून त्या हवेत जातात आणि आकडा कमी येतो. दुसरीकडे, कुपीत क्लोरीन निष्प्रभ करणारे थायोसल्फेट किंवा तत्सम रसायन आधीच घातलेले नसेल, तर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत कुपीतच नवे ट्रायहॅलोमिथेन तयार होत राहते आणि आकडा वाढतो. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटलीत नमुना नेला असेल, तर त्या ९० वर चर्चा करण्यात फारसा अर्थ नाही.

अहवालात हॅलोअ‍ॅसेटिक आम्लांचा उल्लेखच नाही, हेही लक्षात घ्यावे. क्लोरीनच्या उपपदार्थांत वजनाने पहिला क्रमांक बहुधा ट्रायहॅलोमिथेनचा आणि दुसरा या आम्लांचा असतो. आजवर सातशेच्या आसपास उपपदार्थ ओळखले गेले आहेत आणि तरीही सेंद्रिय रेणूंना चिकटलेल्या एकूण हॅलोजनपैकी (म्हणजे क्लोरीन, ब्रोमीन अशा मूलद्रव्यांपैकी) मोठा भाग कोणत्या संयुगांत आहे याचा पत्ता लागलेला नाही. ट्रायहॅलोमिथेन मोजणे सोपे आहे म्हणून आपण ते मोजतो आणि उरलेल्या मिश्रणाचा अंदाज त्यावरून बांधतो. बाजारात मिळणारे, पाण्यात बुडवून विरघळलेल्या क्षारांचा आकडा दाखवणारे पेनासारखे यंत्र यातले काहीही दाखवत नाही. बैठकीत कोणीतरी ते घेऊन येईलच, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

---

ओझोनवादी

इतका सगळा खटाटोप करण्यापेक्षा क्लोरीन सोडून ओझोनकडे वळणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे असे माझे स्पष्ट मत आहे. ओझोन अधिक प्रभावी आहे, क्लोरीनला दाद न देणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीवरही तो काम करतो आणि त्यापासून क्लोरोफॉर्म तयार होत नाही. जुन्या सवयीपोटी आपण क्लोरीनला चिकटून बसलो आहोत.

---

गाळणटाकी

ओझोनवादी, ओझोनचे आपण सांगितलेले गुण खरे आहेत. अडचण पुढे येते. ओझोन पाण्यात फार काळ टिकत नाही, त्यामुळे केंद्रातून निघालेल्या पाण्याला मैलोन्‌मैल लांब वाहिन्यांत कोणताही पहारेकरी उरत नाही. जोडणी गळकी असेल आणि दाब कमी झाला, तर बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. म्हणून ओझोन वापरणारी बहुतेक केंद्रे शेवटी थोडे क्लोरीन किंवा क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग) देतातच. शिवाय ओझोनचेही उपपदार्थ आहेत. पाण्यातल्या ब्रोमाइडपासून तो ब्रोमेट तयार करतो आणि ब्रोमेटची मर्यादा लिटरमागे अवघी १० मायक्रोग्रॅम आहे. प्रश्नकर्त्यांच्या अहवालात ब्रोमीनची संयुगे आहेत, म्हणजे मूळ पाण्यात ब्रोमाइड आहे. अशा पाण्याला ओझोन देण्यापूर्वी मी तरी दहा वेळा विचार करीन. ओझोनने मोठे सेंद्रिय रेणू फुटून जंतूंना सहज पचतील असे छोटे तुकडे होतात, त्यामुळे त्यानंतर जैविक गाळणथर नसेल तर वाहिन्यांत जंतूंची वाढ होते ती वेगळीच.

क्लोरीन डायऑक्साइड घेतले तर ट्रायहॅलोमिथेन जवळपास होत नाही, पण वापरलेल्या मात्रेच्या निम्म्याहून अधिक भागाचे क्लोराइट होते आणि त्यालाही मर्यादा आहे. अतिनील किरणांचा असा त्रास अगदी नगण्य, मात्र दिव्यापुढून पाणी निघून गेले की त्यांचे काम संपले.

क्लोरामाइनची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टनमध्ये, उपपदार्थांची मर्यादा पाळण्यासाठी नोव्हेंबर २००० मध्ये मुक्त क्लोरीनऐवजी क्लोरामाइन देण्यास सुरुवात झाली. ट्रायहॅलोमिथेन घटले. पण जुन्या शिशाच्या नळांच्या आतल्या बाजूला मुक्त क्लोरीनमुळे शिशाच्या डायऑक्साइडचा जो न विरघळणारा थर टिकून होता, तो क्लोरामाइनच्या सौम्य ऑक्सिडीकरणात टिकला नाही आणि पुढची काही वर्षे हजारो घरांच्या पाण्यात शिसे उतरत राहिले. एक आकडा खाली आणताना दुसरा कोणता वर जातो हे पाहिल्याशिवाय केलेला बदल असा अंगाशी येतो.

---

साथनिवारक

सार्वजनिक आरोग्याच्या बाजूने थोडे लिहिते.

१९७६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या प्रयोगांत क्लोरोफॉर्ममुळे लहान उंदरांच्या (माउस) यकृतात आणि मोठ्या उंदरांच्या (रॅट) मूत्रपिंडात गाठी झाल्याचे दिसले. तिथून ही सगळी चिंता सुरू झाली. परंतु त्या प्राण्यांना क्लोरोफॉर्म मक्याच्या तेलातून, नळीने, एकदम मोठ्या मात्रेत दिले होते. नंतर तेच पिण्याच्या पाण्यातून दिवसभर थोडे थोडे दिले, तेव्हा उंदरांच्या यकृतातल्या गाठी दिसल्या नाहीत. पेशी मरतील आणि त्यांची भरपाई करताना पुन्हा पुन्हा विभाजन होईल इतकी मात्रा असेल तरच क्लोरोफॉर्म घातक ठरते, असे आज मानले जाते आणि म्हणूनच त्याचे मार्गदर्शक मूल्य तुलनेने सैल आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने क्लोरोफॉर्म आणि ब्रोमोडायक्लोरोमिथेन यांना ‘माणसात कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या २ब गटात ठेवले आहे. क्लोरीनयुक्त पिण्याचे पाणी मात्र ‘वर्गीकरण करता येत नाही’ अशा तिसऱ्या गटात आहे.

तरीही सर्व काही आलबेल आहे असे मी म्हणणार नाही. अनेक दशके अधिक ट्रायहॅलोमिथेनचे पाणी वापरणाऱ्यांमध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाचे प्रमाण काहीसे वाढलेले अनेक अभ्यासांत दिसले आहे आणि ते पुरुषांमध्ये अधिक स्पष्ट आहे. गंमत अशी की क्लोरोफॉर्म दिलेल्या प्राण्यांना मूत्राशयाचा कर्करोग होत नाही. म्हणजे दोषी असेल तर ते मिश्रणातले दुसरेच काहीतरी असावे आणि ट्रायहॅलोमिथेन हे त्याच्या उपस्थितीची केवळ खूण असावी. त्यामुळे केवळ क्लोरोफॉर्म उडवून लावण्याने किती साधते याबद्दल मी साशंक आहे. सेंद्रिय पदार्थच आधी कमी करण्याचा ‘गाळणटाकी’ यांचा मार्ग मला म्हणूनच अधिक पटतो, कारण त्याने ज्ञात-अज्ञात सगळेच उपपदार्थ एकदम घटतात.

क्लोरीन बंद करण्याबद्दल: १९९१ मध्ये पेरूमध्ये पटकीची साथ आली आणि त्या एका वर्षात तीन लाखांहून अधिक रुग्ण झाले. उपपदार्थांच्या भीतीने क्लोरीन थांबवल्यामुळेच ती साथ आली असे वारंवार लिहिले जाते. मी हे उदाहरण तसे वापरत नाही. तिथल्या कित्येक पाणीपुरवठा यंत्रणांत क्लोरीनची व्यवस्था आधीपासूनच अपुरी आणि मोडकळीला आलेली होती, आणि केवळ भीतीवर खापर फोडणे सोयीचे असले तरी अपुरे आहे. पण निर्जंतुक न केलेले पाणी काही आठवड्यांत काय करू शकते हे त्यातून दिसते, आणि उपपदार्थांचा धोका, असलाच तर, दशकांच्या हिशेबातला आहे. जागतिक आरोग्य संघटनेची भूमिकाही हीच आहे की उपपदार्थ आटोक्यात ठेवण्याच्या प्रयत्नात निर्जंतुकीकरणाशी तडजोड होता कामा नये.

घरगुती उपायांबद्दल एवढेच. भांडे उघडे ठेवून पाणी काही मिनिटे खळखळ उकळले तर ट्रायहॅलोमिथेन बऱ्याच अंशी उडून जाते. क्लोरोफॉर्म ६१ अंशांनाच उकळते. पण हॅलोअ‍ॅसेटिक आम्ले अशी उडत नाहीत आणि पाणी आटल्याने डायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्लाची तीव्रता थोडी वाढूही शकते. उकळताना खिडकी उघडी असावी. गरम पाण्याच्या फवाऱ्याखाली आंघोळ करतानाही ही संयुगे श्वासावाटे आणि त्वचेतून शरीरात जातात, त्यामुळे केवळ पिण्याचे पाणी बदलून संपर्क पूर्ण थांबत नाही; न्हाणीघरात हवा खेळती ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. सक्रिय कोळशाचे गाळणयंत्र चालते, मात्र त्यात एक फसगत आहे: कोळसा क्लोरीनचा वास दीर्घकाळ काढत राहतो, तर क्लोरोफॉर्म धरून ठेवण्याची त्याची क्षमता त्याच्या कितीतरी आधी संपते. वास येत नाही म्हणून कोळसा चांगला आहे असे समजू नये. आरओच्या पडद्यातून आम्ले चांगली अडतात, ट्रायहॅलोमिथेन अंशतःच. आणि कोळशातून गेलेल्या पाण्यात क्लोरीन उरलेले नसते, म्हणून ते दिवसचे दिवस साठवू नये.

---

शंकेखोर

सर्वांचे आभार. ‘गाळणटाकी’ यांची शंका खरी ठरली. चौकशी केली तेव्हा कळले की पंप सांभाळणारे कर्मचारी दर आठवड्याला जमिनीखालच्या टाकीत हायपोक्लोराइटचे द्रावण अंदाजाने ओततात आणि त्याचा कॅन पंपघरात, उन्हाच्या बाजूला, कित्येक महिने पडून आहे. दोन्ही टाक्या मिळून साठा साधारण तीन दिवसांचा आहे. मग ९० पैकी केंद्राकडून किती येते आणि आमच्याकडे किती तयार होते, हे कसे ओळखावे?

---

वर्णलेख

हे सहज शोधता येईल. ज्या नळाने शहराचे पाणी इमारतीत येते तिथूनच तीन कुप्या भरा. पहिल्या कुपीतले क्लोरीन तिथेच थायोसल्फेटने निष्प्रभ करा. उरलेल्या दोन बुडबुडा न ठेवता घट्ट बंद करून अंधारात, टाकीच्या पाण्याइतक्या तापमानाला ठेवा. एक चोवीस तासांनी आणि दुसरी तीन दिवसांनी उघडून शिल्लक क्लोरीन मोजा आणि मग ट्रायहॅलोमिथेनसाठी द्या. प्रत्येक वेळी जोडीची एक कुपी जास्त भरलीत तर दोन्ही मोजण्यांना पाणी पुरेल. चौथा नमुना त्याच तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या नळाचा. कुपीतल्या पाण्यात केवळ वेळेचा परिणाम दिसेल, नळाच्या पाण्यात वेळ आणि टाकीत ओतलेले जादा क्लोरीन या दोन्हींचा.

---

शंकेखोर

निकाल हाती आले आहेत. या वेळी नमुने प्रयोगशाळेनेच दिलेल्या कुप्यांत घेतले. येणारे पाणी: क्लोरीन ०.३, एकूण ट्रायहॅलोमिथेन ५७. चोवीस तासांनंतर: क्लोरीन ०.२, ट्रायहॅलोमिथेन ६१. तीन दिवसांनंतर: क्लोरीन जवळपास शून्य, ट्रायहॅलोमिथेन ६६. स्वयंपाकघरातला नळ: क्लोरीन ०.५, ट्रायहॅलोमिथेन ८८. म्हणजे टाकीत द्रावण ओतणे बंद केले की प्रश्न मिटला, असे समजावे का?

---

गाळणटाकी

नाही, नुसते बंद करू नका. आपलेच आकडे पाहा: द्रावण न घालता पाणी तीन दिवस ठेवले तर ६६ वर थांबते खरे, पण क्लोरीन संपल्यामुळे थांबते, आणि क्लोरीन संपलेले पाणी गच्चीवरच्या उबदार टाकीत ठेवणे मला मंजूर नाही. एका दिवसानंतर मात्र ०.२ शिल्लक आहे, आणि ग्राहकाच्या नळापाशी किमान तेवढे असावे अशीच अपेक्षा असते. तेव्हा कमी करायचा तो साठा. जमिनीखालच्या टाकीतला तरंगता झडपगोळा खाली उतरवून दोन्ही टाक्यांत मिळून एका दिवसाचेच पाणी राहील असे करा. आग विझवण्यासाठी राखीव साठा त्याच टाकीत धरलेला असेल, तर आधी तो वेगळा करावा लागेल, कारण त्याला हात लावता येणार नाही.

काचेच्या स्वच्छ कुपीपेक्षा टाकीच्या भिंती आणि तळाचा गाळ क्लोरीन अधिक खातात. म्हणून आधी टाक्या रिकाम्या करून गाळ काढा आणि त्यानंतर निदान दोन आठवडे गच्चीवरच्या टाकीतून उतरणाऱ्या पाण्यातले क्लोरीन रोज सकाळी मोजा. डीपीडी या क्लोरीन मोजण्याच्या रसायनाची गोळी टाकल्यावर येणारा गुलाबी रंग तक्त्याशी ताडून पाहायचा असतो; पंप सांभाळणारे कर्मचारी ते सहज करतील. ०.२ टिकत नसेल तर द्रावण द्यावेच लागेल, पण ते आठवड्यातून एकदा बादलीने नव्हे, तर येणाऱ्या पाण्याच्या प्रमाणात थेंबाथेंबाने देणाऱ्या छोट्या पंपाने. पंपघरातला तो जुना कॅन मात्र वापरू नका. उष्णतेत पडून राहिलेल्या हायपोक्लोराइटची ताकद घटते आणि त्याचे क्लोरेट होत जाते, म्हणजे तेवढाच परिणाम मिळवायला अधिक द्रावण ओतावे लागते आणि त्याबरोबर क्लोरेटही पाण्यात जाते. नवे द्रावण थोडेच आणावे, सावलीत ठेवावे आणि कॅनवर आणल्याची तारीख लिहावी.

केंद्राकडून येणारे ५७ हे इमारतीत कमी होणार नाहीत. त्यासाठी पाणीपुरवठा विभागाला पत्र लिहून दोन गोष्टी विचारा: क्लोरीनचा पहिला डोस गाळणीच्या आधी दिला जातो का, आणि तुरटीची मात्रा ठरवताना गढूळपणाखेरीज सेंद्रिय पदार्थही मोजले जातात का. सोबत हॅलोअ‍ॅसेटिक आम्लांचे त्यांच्याकडचे आकडे मागा. पुढचा नमुना पाणी सर्वांत कोमट असेल त्या महिन्यात घ्या, कारण वर्षातला सर्वांत वाईट आकडा तेव्हाच दिसतो.